मूळ फाईलला हात लावायचा नाही

शहाद्याच्या आमच्या स्टुडिओत जो कुणी शिकायला येतो, त्याला पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट बजावते. कॅमेऱ्यातून आलेली रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या उजेडाची कच्ची नोंद, जशी आली तशीच राहिली पाहिजे. फोटोवर हवं तेवढं काम करा, रात्र रात्र बसा, पण त्या फाईलच्या आत काही लिहायचं नाही. लग्न असो, सारंगखेड्याची यात्रा असो, नाहीतर कुणाची केळीची बाग असो, यात सूट नाही. पोरांना हा आधी माझा हट्ट वाटतो. कामाला लागल्यावर त्यांचं त्यांनाच कळतं.

सुरुवात मिरचीपासून करते, कारण रॉ कशासाठी हे मिरचीइतकं स्वच्छ दुसरं कुणी सांगत नाही.

हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागतात. नजर जाईल तिथवर जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, आणि मध्ये डोक्यावरून पदर घेऊन बायका देठ खुडत बसलेल्या. ठसक्यानं पहिली दहा मिनिटं कॅमेरा धरवत नाही. दुपारच्या उन्हात तिथं जेपीईजी (कॅमेऱ्यानंच रंग ठरवून तयार करून दिलेला फोटो) काढलं की ढीग म्हणजे नुसता लाल डाग येतो. सालीवरच्या सुरकुत्या जातात, चमक जाते, फुटलेल्या मिरचीतून दिसणारं पिवळं बी जातं. जेपीईजीत एकेका रंगाच्या वाट्याला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या येतात. इतका भडक लाल समोर आला की लाल रंग २५५ वर जाऊन टेकतो, हिरवा आणि निळा शून्याला लागतात. सुरकुती दिसायला शेजारच्या दोन ठिपक्यांत थोडा तरी फरक लागतो, तो उरतच नाही.

रॉमध्ये अजून काहीच ठरलेलं नसतं. कॅमेऱ्यात उजेड टिपणाऱ्या सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचा फिल्टर असतो, लाल, हिरवा किंवा निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावानं १९७६ साली या मांडणीचं पेटंट झालं. त्यात निम्मे बिंदू हिरवे असतात, पाव लाल आणि पाव निळे. रॉ फाईल एवढंच सांगते की कुठल्या बिंदूवर किती उजेड पडला. १४ बिटांत मोजलं तर त्याच्या १६,३८४ पायऱ्या होतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी, त्या आकड्यांना लागलेला नसतो, तो फाईलमध्ये बाजूला नोंदलेला असतो. उन्हात सेन्सरचे लाल बिंदू हिरव्यांपेक्षा कमी भरतात आणि जेपीईजी बनवताना कॅमेरा त्यांना गुणून वर नेतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल कापला गेलेला दिसतो, तेव्हा रॉमध्ये तो बहुतेक वेळा शाबूत असतो. पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) आतल्या जेपीईजीवरून काढलेला असतो, हे कुणी सांगितलं नाही तर माणूस उगाच एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी करत बसतो आणि सावलीतले चेहरे काळे करून घरी आणतो.

रॉवर काम करायला मी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरते. त्यात रॉच्या पातळीवर खरोखर कुठला रंग ओसंडून गेला ते दाखवणारं बटण आहे. पथारीचा फोटो उघडला की मी आधी तेच दाबते. लाल शाबूत असेल तर पुढचं काम थोडं असतं. फक्त लाल रंगापुरता उजळपणा खाली आणायचा, त्याची तीव्रता जराशी उतरवायची. मग एकेक मिरची वेगळी व्हायला लागते. आधी कडेच्या, मग ढिगाच्या मधल्या, मग सुरकुत्या. देठ खुडणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली, गळ्यावर, मिरचीचा लाल उजेड खालून पडलेला असतो. तो पुसून काढता येतो. मी पुसत नाही, कारण त्या जागी बसलेल्या माणसाचा चेहरा तसाच दिसतो.

रॉ म्हणजे सगळं परत मिळतं असं मात्र धरून चालू नका. दत्त जयंतीला सारंगखेड्याला, तापीकाठी, घोड्यांचा बाजार भरतो. पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर ऊन पडलं आणि सेन्सरचे तिन्ही रंग भरून गेले तर तिथं रॉमध्येही काही नसतं. कुठल्याही स्लायडरनं ते केस परत येत नाहीत. पांढऱ्या जनावरासाठी मी एक्सपोजर खालीच ठेवते आणि सावल्या नंतर उचलते. सावलीत दाणा, म्हणजे खरखरीत ठिपके, वाढतो, पण दाण्याखाली चित्र असतं.

आता फाईलच्या ‘बाहेर राहून काम करायचं’ म्हणजे काय ते.

तळोद्याहून शिकायला येणाऱ्या एका पोरानं मला विचारलं, “ताई, तुम्ही एवढं ओढलं-ताणलं, तरी मूळ फोटो बदलला नाही हे मानायचं कसं?” प्रश्न रास्त होता. मी त्याला एका रॉ फाईलचा एसएचए-२५६ काढायला लावला. ही फाईलच्या मजकुरावरून गणितानं काढलेली ६४ अक्षर-अंकांची ओळ असते. फाईलमधला एक बिट जरी हलला तरी अख्खी ओळ वेगळी येते. त्यानं ती वहीत उतरवून घेतली. म्हटलं, आता या फोटोचं तुला काय वाट्टेल ते कर. त्यानं फोटो काळापांढरा केला, अर्धा कापला, तिरका केला, परत रंगीत करून आकाश जांभळं केलं. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा ओळ काढली आणि बोट ठेवून ठेवून वहीशी ताडून पाहिली. अक्षरन्‌अक्षर तीच.

फोल्डरमध्ये मात्र एक नवी फाईल आलेली होती. नाव मूळ फाईलचंच, शेवटी एक्सएमपी जोडलेलं, वजन काही केबी. तिच्यात चित्र नसतं. कोणता बदल, कोणत्या क्रमानं, किती, एवढीच यादी असते. फोटो उघडला की सॉफ्टवेअर रॉ वाचतं, यादी वाचतं आणि पडद्यावर चित्र नव्यानं घडवतं. गिऱ्हाइकाला द्यायची जेपीईजी एक्सपोर्ट करताना वेगळी तयार होते. ती एक्सएमपी फाईल त्या पोरानं पुसून टाकली, डार्कटेबललाही तो फोटो विसरायला लावून फोल्डर पुन्हा आत घेतलं, आणि फोटो पहिल्यासारखा समोर आला. त्या दिवसापासून त्याची भीती गेली. भीती गेल्यावर त्याचं कामही सुधारलं, कारण काहीही करून बघायला तो कचरेनासा झाला.

एकाच फोटोच्या अनेक याद्या ठेवता येतात हे मला फार मोलाचं वाटतं. डार्कटेबलमध्ये डुप्लिकेट केलं की रॉ एकच राहते, एक्सएमपी दुसरी तयार होते. अल्बमसाठी एक, पेपरला पाठवायला काळंपांढरं दुसरं, फ्रेमसाठी उभं कापलेलं तिसरं. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची १६ बिटांची टिफ फाईल दाबल्याशिवाय १४४ एमबीच्या घरात जाते. याद्यांना जवळजवळ काहीच जागा लागत नाही.

आप्पांच्या काळात असं नव्हतं. स्टुडिओ त्यांनी सुरू केला तेव्हा रिटचिंगचं काम निगेटिव्हवरच चालायचं. मोठ्या निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्र असलेल्या थराच्या, बाजूला टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक रेघा भरायच्या, म्हणजे प्रिंटमध्ये चेहऱ्यावरचे डाग उजळ होऊन निघून जायचे. काही ठिकाणी पात्यानं हलकं खरवडायचं, तिथं प्रिंट गडद यायची. त्या कारागिरांचा हात मोठा होता, पण एकदा खरवडलं की खरवडलं. आप्पा पेन्सिल लावायचे नाहीत. जे करायचं ते एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून उजेड पाडणाऱ्या यंत्राखाली, कागदावर. चेहरा काळा पडत असेल तर उजेडाच्या वाटेत हाताची सावली धरायची, आकाश पांढरं पडत असेल तर तेवढ्या भागाला जास्त वेळ उजेड द्यायचा. “कागद दुसरा आणता येतो, निगेटिव्ह कुठून आणशील?” हे मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले.

त्यांनीच मला चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन बघायला नेलं होतं. मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा काळ चाळीसगावातल्या आपल्या घरात काढला. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जे फोटो केले, ते समोर उभं राहून बघावेत असेच आहेत. उजेड कुठून यावा, किती यावा, हे शटर दाबण्याआधीच पुरतं ठरलेलं असतं. खान्देशात कॅमेरा हातात घेणाऱ्यानं एकदा तरी तिथं जावं. माझं काम नेमकं उलट आहे. मांडवात उजेड माझ्या हातात नसतो. वर लाल-पिवळं कापड, बाजूला हॅलोजन, मागं डीजेच्या निळ्या-हिरव्या लाइट, आणि चेहऱ्यावर हळद. तिथं मी उजेड मांडू शकत नाही, येईल तो घेते. त्याचा हिशेब नंतर, निवांत बसून, पुन्हा पुन्हा करावा लागतो. पुन्हा पुन्हा करायचा म्हणूनच मूळ शाबूत लागतं.

आणि हे फक्त तंत्राचं नाही. आमच्याकडे फोटोग्राफरला रोज ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, “मन्हा फोटू जरा गोरा कर ना व ताई.” नवरी म्हणते, नवरीची आई म्हणते, कधी नवरा हळूच येऊन म्हणतो. मला हे मनापासून आवडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसांचा रंग हा दोष नाही. पण अल्बम त्यांचा, पैसे त्यांचे, आणि लग्नघरात मी कुणाशी वाद घालत नाही. त्यांना हवं तसं करून देते, रॉ माझ्याकडे ठेवते.

तापीकाठच्या एका गावातलं लग्न होतं. नवऱ्याची आई काळीसावळी, उंच, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. अल्बम करताना नवऱ्याच्या बहिणी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी आईचा चेहरा उजळायला लावला, मऊ करायला लावला, आणि खूश होऊन गेल्या. काही वर्षांनी तो मुलगा एकटा आला. आई गेली होती. उत्तरकार्याला ठेवायला मोठा फोटो हवा होता. मी अल्बममधला तोच फोटो पडद्यावर उघडला, कारण त्यात ती सगळ्यात छान हसत होती. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “हाऊ मन्ही मायना रंग नही.”

मी रॉ काढली. नवी डुप्लिकेट केली आणि यादी कोरी केली. समोर आलेला चेहरा आधी मांडवाच्या कापडानं नारिंगी झालेला दिसला, तोही तिचा रंग नव्हता. तिच्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक बाबा उभे होते, त्याच उजेडात. त्या टोपीवरून व्हाइट बॅलन्स घेतला. टोपी पांढरी झाली, तसा चेहराही जागेवर आला. मग नुसतं एक्सपोजर थोडं वर. मऊपणा नाही, उजळपणा नाही. आणि गोंदण दिसायला लागलं. अल्बममध्ये चेहरा मऊ करताना हनुवटीवरचे ते तीन हिरवट ठिपके पार विरघळून गेले होते. कपाळावरच्या गोंदणाची तर खूणही राहिली नव्हती. मुलगा खुर्ची पुढं ओढून बसला आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, हे तिला तिच्या आजोळी, लहान असताना गोंदलेलं.

जेपीईजी असती तर मी त्याला काय दिलं असतं? उजळलेल्या चेहऱ्यावर पुन्हा काळा रंग चढवला असता, आणि गोंदण अंदाजानं काढलं असतं. तो फोटो त्याच्या आईचा झाला नसता. अल्बममधलं रूप त्या दिवशी त्या बहिणींना हवं होतं, तेही खोटं नव्हतं, त्यांचा आनंद खरा होता. पण कोणतंही संस्करण हे त्या दिवसाचं, त्या माणसाचं मत असतं. मत बदलतं. ज्याच्याबद्दल ते मत आहे ते कुठंतरी जसंच्या तसं असायला हवं, आणि ते सांभाळणं हा माझ्या कामाचा भाग आहे असं मी मानते. फोटो काढण्याइतकाच.

साधनंही बदलतात. अक्कलकुव्याच्या बाजूला काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. अंधार, आगीचा उजेड, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, खूप वर. तेव्हा केलेल्या जेपीईजीत नाचणाऱ्यांच्या अंगावर रंगवलेली नक्षी चिखलासारखी पसरली आहे. त्याच रॉ अलीकडे पुन्हा उघडल्या. दाणा काढण्याची साधनं आता बरीच सुधारली आहेत, पाठीवरचा ठिपका न् ठिपका मोजता येतो. जुन्या याद्याही तशाच उघडतात. डार्कटेबल २००९ पासून आहे आणि जुनी मॉड्यूल जुन्या फोटोंसाठी आत ठेवलेली आहेत. अडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये त्याला प्रोसेस व्हर्जन म्हणतात, जुना फोटो जुन्याच पद्धतीनं उघडतो, नवी हवी तर आपण निवडायची.

काही खाचाखोचा सांगून ठेवते, कारण ‘रॉ आहे म्हणजे सुरक्षितच’ असं समजून चालणारे खूप भेटतात.

सगळी सॉफ्टवेअर फाईलच्या बाहेर राहत नाहीत. कॅनॉनचं डिजिटल फोटो प्रोफेशनल बदलांची रेसिपी रॉ फाईलच्या आतच साठवतं. डीएनजी हा अडोबीनं २००४ साली आणलेला रॉचा खुला प्रकार, पण त्यात अडोबीची सॉफ्टवेअर एक्सएमपी फाईलच्या पोटातच लिहितात. दोन्हीकडे चित्राचे आकडे तसेच राहतात, पण फाईल बदलते, एसएचए बदलतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर जोखीम मूळ फाईलची असते. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी डीएनजी करत नाही. निकॉनची रॉ फाईल, एनईएफ, आहे तशीच ठेवते. लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर तुमचे बदल कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या नोंदवहीत, असतात. फोटोशेजारी एक्सएमपी हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. नाहीतर कॅटलॉग गेला की रॉ राहतात आणि वर्षभराची मेहनत जाते.

फाईलचं नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला. बाहेरून बदललं की एक्सएमपी एकीकडे, रॉ दुसरीकडे.

कार्डावरून उतरवताना मी नेहमी कॉपी करते, कट नाही. उतरवून झालं की रॉ फाईलींना फक्त-वाचायची परवानगी ठेवते. फोल्डरवर लिहिता येतं, म्हणून शेजारी एक्सएमपी बनतात, पण रॉवर कुणाला लिहिता येत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. तिसरी प्रत धुळ्याला बहिणीकडे असते, कारण एकाच घरातल्या तीन डिस्क एकाच पाण्यात भिजू शकतात. प्रत करताना एसएचएची यादीही सोबत जाते, मग कधीही ताडून बघता येतं की डिस्कनं गुपचूप काही बिघडवलं का.

फोनवाल्यांनी विचारलं म्हणून. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ चालू करता येतं, फाईल डीएनजी येते, आणि स्नॅपसीड हे ॲप ती उघडतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरच्या पोरींचे फोटो काढताना, समोर ऊन आणि झाडाखाली सावली असते, तेव्हा ती चालू ठेवून बघा. रॉ नको असेल तरी एडिट केल्यावर ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह कॉपी’ असे दोन पर्याय दिसले तर दुसरा निवडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मूळ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ‘आहेत ना ग्रुपवर’ म्हणून फोनमधून पुसू नका. तिथं साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केलेला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाईल आहे तशी जाते. शहाद्यात असाल तर डिस्क घेऊन स्टुडिओत या, फोनमधले मूळ फोटो उतरवून द्यायचे मी पैसे घेत नाही.